गुरुवारचा फोन मी केला नव्हता

आधी चूक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. माझी बायको आजारी असताना मी तिला फोन करून सांगितलं, की मी आता परत येणार नाही, माझी वाट पाहू नको. हे सांगताना मी तिच्यापासून सहा किलोमीटरवर उभा होतो, आणि तासाभरात तिच्याच घरी जाणार होतो.

विचित्र वाटेल. पण असंच घडलं.

इथले लोकांचे न उलगडणारे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मनातल्या मनात हसलोय. मी आरोग्य खात्यातला माणूस. अंगारा पुसा आणि गोळी घ्या, हे दारोदार सांगणं हीच माझी नोकरी होती. कुणी म्हणालं की सुनेला बाहेरचं झालंय, तर मी पिशवीतून सुई आणि काचपट्टी काढायचो. तेव्हा माझ्यासारख्याला हे लिहायला किती जड जात असेल, ते समजून घ्या.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. हिंगोली तेव्हा अजून परभणी जिल्ह्यातच होती. हिंगोलीहून वाशीमकडे जाताना कनेरगाव नाका लागतो. तिथून आत सहा किलोमीटरवर आमचं उपकेंद्राचं गाव — नाव देत नाही, माणसं अजून आहेत. माझ्याकडे पाच गावं आणि दोन तांडे. सायकलवर घरोघर जायचं, ‘कुणाला ताप आहे का?’ विचारायचं, ताप असेल तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, आणि दाराशेजारी भिंतीवर आखलेल्या चौकटीत तारीख टाकून सही करायची. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घर. लोक मला मलेरिया डाक्टर म्हणायचे. डॉक्टरकीशी माझा तेवढाच संबंध.

चौकट माझ्याही घराच्या भिंतीवर होती. नियम म्हणजे नियम. सकाळी निघताना सायकल भिंतीला टेकवून मी तिथेही सही करायचो. आत जाऊन काही विचारायचो नाही. माझ्याच घरात कुणाला ताप आहे का, हे मला माहीत नसणार का?

वत्सलाला ताप नव्हताच. ती उलट थंड होत चालली होती, आणि थंड होणाऱ्या माणसासाठी माझ्या रजिस्टरात रकाना नव्हता.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. ती कुरुंद्याची, हळदवाल्या घरातली, बोलकी पोरगी. आमच्याकडे येऊन गप्प झाली, कारण मी गप्प माणूस. दिवसभर लोकांशी बोलून घरी आलं की माझ्या तोंडातून शब्द निघायचा नाही. ती विचारायची, मी हूं म्हणायचो. त्या दिवाळीनंतर ती फार झोपायला लागली. चेहरा सुजल्यासारखा, आवाज घोगरा, केस विंचरले की कंगव्यात पुंजका. भाकरी थापता थापता मधेच हात थांबायचा. मला वाटलं, आळसावली. एकदा बोललोसुद्धा. चैत्रात बाहेर पत्रे तापून कडकड वाजत होते आणि ही शाल पांघरून चुलीजवळ बसलेली. तरी मला काही सुचलं नाही.

मग एक दिवस दुपारी मी फिरतीवरून आलो. ती दारात उभी. डोक्यावरून पदर ओढून घेतला आणि म्हणाली, “भाऊ, ते घरी न्हाईत. संध्याकाळी या.”

मला वाटलं गंमत करतेय. नऊ वर्षांत तिनं अशी गंमत कधी केली नव्हती, तरी. मी म्हटलं, “अगं, मीच हाय.”

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. शांतपणे. “दिसता तसेच,” ती म्हणाली. “सायकलबी त्यांचीच हाय. पर तुमी ते न्हाई. काहून असं करून राहिला, भाऊ?”

हे एका दिवसाचं नव्हतं. रोज तेच. बाकी तिला सगळं कळत होतं. दुकानदार गफूरचाचा ओळखू यायचे, त्यांची बायको, चाची, यायची, गल्लीतली लेकरं यायची, नर्सबाई यायच्या. फक्त मी नाही. नवऱ्याला कुणीतरी कुठंतरी नेऊन ठेवलंय आणि त्याच्या जागी हा त्याच्या तोंडावळ्याचा माणूस आणून बसवलाय, असं ती ठामपणे सांगायची. बाहेरच्या खोलीत मला अंथरूण टाकून द्यायची आणि आतून कडी लावायची. सकाळी ताट दाराशी ठेवायची. माझी थोरली बहीण, अक्का, सेनगावहून येऊन पाहून गेली. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, “हे डोक्याचं हाय बाबा. कुरुंद्याला तिच्या भावाकडं सोडून ये. तुझं वय काय झालं अजून? दुसरा विचार कर.” मी नाही म्हटलं नाही. बघू, म्हटलं.

दवाखान्याचं म्हणाल, तर मी एकदा म्हणून पाहिलं. “परक्या माणसासंगं मी गाडीत बसत न्हाई,” एवढंच बोलली. आणि मनातून मला ते बरंच वाटलं. दवाखान्यात नेलं की केसपेपर निघणार, केसपेपर निघाला की आमच्या खात्यात सगळ्यांना कळणार — मलेरियावाल्याची बायको नवऱ्याला ओळखत नाही. मी लोकांच्या हसण्याला भ्यायलो. हे लिहिताना आज लाज वाटतेय, तेव्हा वाटली नाही.

आता फोनचं.

गावात फोन एकच, गफूरचाचांच्या किराणा दुकानात. दुकान आमच्या घरापासून दोन घरं सोडून. चाचा साठीचे, दाढीला मेंदी, जिभेला हाड नाही. एकदा हिंगोलीची महिन्याची मीटिंग लांबली आणि नाक्यावर येईपर्यंत शेवटची जीप गेलेली. नाक्यावरच्या बूथवरून मी चाचांना फोन लावला. आमच्याकडे त्या काळी बायकोचं नाव चारचौघांत घेत नसत. मी म्हटलं, “चाचा, घरी निरोप द्या. आज मुक्काम हाय म्हणावं.”

“निरोप कायकू? बहू इथंच हाय, साबण घ्यायला आली. घे, बोल.”

मी नको म्हणेपर्यंत त्यांनी रिसीव्हर तिच्या हातात दिला.

“कोण?” ती म्हणाली.

“मी हाय,” मी म्हटलं.

पलीकडं ती रडायला लागली. “कुठं हाव तुमी? किती दिस झाले. हिकडं एक माणूस येऊन राहिला घरात. तुमच्यासारखाच दिसतो. मला भ्याव वाटून राहिलं. कवा येताव?”

बूथच्या काचेला डोकं टेकवून मी तसाच उभा राहिलो. माझा आवाज तिला ओळखू येत होता. चेहरा दिसला नाही, तर मी तिचा नवरा होतो.

तेव्हापासून मी आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, दुपारी सायकल मारत नाक्यावर जायचो आणि माझ्याच बायकोला फोन करायचो. मी सांगितलं, की मला लांब बदलीवर टाकलंय, आणि घरातला माणूस मीच ठेवलाय, घर राखायला, चांगला आहे, त्याला घाबरू नको, जेवायला देत जा. ती ऐकायची. त्या दिवसापासून ताट दाराशी न ठेवता समोर वाढायला लागली. “घ्या भाऊ,” म्हणायची.

आणि फोनवर ती बोलायची. नऊ वर्षांत बोलली नव्हती एवढं. मीही बोलायचो. तांड्यावर म्हातारीनं सुईला घाबरून मला कसं काठी घेऊन पळवलं, ते सांगितलं तेव्हा ती हसली. घोगऱ्या आवाजात, सावकाश, पण हसली. घरातल्या माणसाच्या तक्रारी करायची — “घोरतो लई. भितीवर अधनंमधनं काय तरी गिरवत बसतो. आन् तुमच्यावानी बोलता येईना त्याला. मुक्यावानी जेवतो आन् उठून जातो.”

मी विचारलं, “मी बोलायचो का तुझ्याशी?”

“आता बोलून राहिला ना,” ती म्हणाली.

फोन ठेवून मी सायकलवर परत यायचो. तिच्या समोर बसायचो. ती पदर सारखा करून नजर खाली घालायची आणि मी खरंच मुक्यासारखा जेवायचो. कारण तोंड उघडलं, की ती चमकून वर बघायची, घाबरायची आणि आत जाऊन कडी लावायची. मी तिच्यासमोर बोलूही शकत नव्हतो. तुम्ही कधी तुमच्याच घरात पाहुणे म्हणून राहिलाय का? मी दोन महिने राहिलो.

आता माझ्या चुकीकडे येतो.

एका सोमवारी सकाळी मला स्वतःलाच ताप भरला. फिरती अर्धी टाकून घरी आलो. दार आतून बंद. मी पाणी मागितलं. “भाऊ, आज मला वेळ न्हाई. तांब्या ओट्यावर हाय,” आतून आवाज आला. मी ओट्यावरच आडवा झालो. थोड्या वेळानं दार उघडून ती बाहेर आली. केसांना तेल लावलेलं, राहिले होते तेवढ्यांची वेणी घातलेली. धुतलेलं पातळ. कपाळाला ठसठशीत कुंकू. मला ओलांडून सावकाश, पाय ओढत, चाचांच्या दुकानात गेली आणि फोनशेजारी गव्हाच्या पोत्यावर जाऊन बसली. सोमवार होता. नवऱ्याचा फोन यायचा होता.

मला काय झालं, सांगता येत नाही. तापाला दोष देणार नाही, अंगात ताप असलेली शेकडो माणसं मी पाहिलीत, कुणी असं वागत नाही. मला त्या फोनवरच्या माणसाचा राग आला. माझाच. मी तशा तापात सायकल काढली, मागच्या वाटेनं नाक्यावर गेलो आणि फोन लावला.

तिनंच उचलला. “बोला,” म्हणाली, खुशीत.

मी म्हटलं, “मी येणार न्हाई आता. वाट पाहू नको. जो घरात हाय त्याच्यासंगंच राहा.”

तिच्या मागं चाचा कुणालातरी शेंगदाणे मोजून देत होते, ते ऐकू येत होतं.

मग ती म्हणाली, “बरं.”

आणि थोडं थांबून, “तुमी जेवलाव का?”

मी फोन ठेवून दिला.

त्या दिवसानंतर वत्सला उठेना. शाल घेऊन भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. चाची पेज घेऊन यायची, वत्सला दोन घोट घ्यायची, बस. हात लावला तर हात गार. मी तेवढा एकदाच लावला, ती झोपेत होती तेव्हा. चाचा माझ्याशी बोलेनासे झाले. फोनवर काय झालं ते त्यांना तिच्या तोंडावरून कळलं असणार. मी ठरवून टाकलं, की रविवारी तिच्या भावाला बोलावून तिला कुरुंद्याला पाठवायचं. सोमवारनंतर मी एकही फोन केला नाही. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण सगळं त्याच्यावर आहे.

गुरुवारी मी लांबच्या तांड्यावर होतो. आमच्या गावापासून नाक्याच्या उलट दिशेला, माळावर. तिथे तेव्हा वीजही धड नव्हती, फोन कुठला? दुपारी एक ते चारच्या मध्ये तिथल्या सतरा जणांचं रक्त मी घेतलं. प्रत्येकाचं नाव, वय, काचपट्टीचा नंबर माझ्या रजिस्टरात आहे. नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, घरी चहा घेतला. संध्याकाळी ऊन उतरता उतरता गावात शिरलो, तर चाचांनी दुकानातून हाक मारली. चार दिवसांत पहिल्यांदा.

“डाक्टर, अच्छा किया. फोन केला ते बरं केलं.”

“कोणता फोन?”

“आता दुपारी केला तो. बहू उठून आली ना.”

मी सायकलवरून उतरलो. “चाचा, मी तांड्यावर होतो.”

चाचा हसले. “मस्करी नक्को. मी तुझा आवाज ओळखत नाही का? दोन महिने ऐकून राहिलो. आन् आज तर तू नाव घेतलं बायकोचं. ‘चाचा, वत्सलाला बोलवा’ म्हणाला. मी चाचीला बोललो पण, आज डाक्टर सुधरला म्हणून.”

आतून चाची म्हणाली, “हौ, बोलले. मीच बुलाने गयी. उठत नव्हती, नाव सांगितलं की तुमचा फोन हाय, तर भिंत धरून उठली.”

चाचांनी फक्त वत्सलाचं बोलणं ऐकलं होतं. ती म्हणत होती — व्हय... व्हय... त्यांच्यासंगं? ...बरं, तुमी म्हणता म्हणून जाते... न्हाई, रागावले न्हाई... व्हय, सांगते.

मी घरात गेलो. वत्सला बाहेरच्या खोलीत बसली होती. शेजारी पिशवी भरून ठेवलेली, त्यात एक पातळ, तांब्या, शाल. माझ्याकडं न बघता म्हणाली, “भाऊ, उद्या मला दवाखान्यात न्या. तुमच्यासंगं जा म्हणले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. जीपनं नाका, तिथून एसटीनं हिंगोली, पुढं नांदेड. सगळा वेळ ती खिडकीशी बसली आणि आम्हा दोघांच्या मध्ये तिनं पिशवी ठेवली.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं, काय होतंय. मी सांगायला लागलो — ओळखत नाही, घाबरते, डोक्याचं वाटतं... वत्सलानं मला थांबवलं. पदर बाजूला केला आणि म्हणाली, “गळा बघा म्हणले.”

“कोण म्हणालं?” डॉक्टरांनी विचारलं.

“आमचे हे.”

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यांनी तिच्या गळ्याला बोटं लावली, पाणी गिळायला लावलं, गुडघ्यावर हातोडी मारून पाय किती सावकाश खाली येतो ते पाहिलं. नाडी मोजली. मग मला बाहेर बोलावून जरा रागानंच म्हणाले, “आरोग्य खात्यात आहात ना तुम्ही? ही बाई सात-आठ महिने आजारी आहे. अजून एखादा आठवडा गेला असता तर बेशुद्ध झाली असती, मग आमच्या हातात काही नव्हतं.”

थायरॉईड. गळ्यातली ती ग्रंथी जवळपास बंद पडली होती. माझ्या फोनचं ऐकून घेतल्यावर डॉक्टरांनी पुढं मला सावकाश समजावलं. तिचं काम थांबलं, की शरीरातलं सगळं मंदावतं, नाडी, आतडी, केस, आवाज, अंगातली ऊब. क्वचित एखाद्याच्या मेंदूवरही होतं. चेहरा ओळखू येतो, पण जवळच्या माणसाचा चेहरा पाहिल्यावर आतून जे आपलेपण उमटायला हवं, ते उमटत नाही. मग मेंदू आपल्या परीनं अर्थ लावतो, की हा तोतया आहे. आवाजाची वाट वेगळी, म्हणून फोनवर तिला तुम्ही खरे वाटलात. वेड नाही, नाटक नाही, बाहेरचं तर नाहीच. रोज एक गोळी.

इथपर्यंत सगळं मला पटलं. हा आजार कळण्यासारखा आहे. मी नंतर त्याबद्दल मिळेल ते वाचलं. राहतो तो गुरुवारचा फोन. मी डॉक्टरांना तेही सांगितलं. ते विचार करून म्हणाले, शरीराला काही वेळा आपल्या आधी कळतं, गळ्याशी काहीतरी आहे हे तिला आतून जाणवत असेल. मीही बराच काळ तसंच स्वतःला समजावलं. पण शरीर दुकानात फोन करत नाही. तो चाचांनी उचलला होता.

पाच-सहा आठवडे गेले. चेहऱ्यावरची सूज उतरली, आवाज मोकळा झाला. एक दिवस सकाळी मी चहा पीत होतो. ती चुलीपुढून उठली आणि माझ्याकडं बघत राहिली. पदर ओढला नाही.

“कवा आलाव?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, “आत्ताच.”

“फोनवर म्हणले तसे आलाव,” ती म्हणाली, आणि माझ्या ताटात अजून एक भाकरी टाकली.

तिथे मी बोलायला हवं होतं. नाही बोललो.

पुढं हळूहळू तिनं सांगितलं, त्या दिवशी फोनवर ‘मी’ काय बोललो ते. माझं चुकलं वत्सला, मी तसं बोलायला नको होतं. तू आजारी आहेस आणि मला ते दिसलं नाही. घरातल्या माणसाबरोबर दवाखान्यात जा, त्याला कळत नाही पण तो वाईट नाही. गळा दाखव. मी येतो. मी हे सगळं मान खाली घालून ऐकलं. तिला वाटलं, मी संकोचलोय.

मी शोध घेतला. नाक्यावरच्या बूथवाल्याला विचारलं. तो म्हणाला, त्या गुरुवारी तुमी आलाच न्हाईत, मी वाट पाहिली. चाचांनीच कुणाकडून तरी करवला असेल, असा संशय घेऊन त्यांनाही दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा ते चिडले. “अरे, मला खोटं बोलायचं असतं तर माझ्याच तोंडानं सांगितलं असतं ना, डाक्टरचा फोन आला होता, दवाखान्यात जा म्हणाला. त्याच्यासाठी तुझ्या आवाजाचा माणूस कुठून आणू? आन् तिच्या गळ्याचं मला काय मालूम?” मीच फोन केला आणि तापात विसरलो, असंही समजून पाहिलं. पण ताप सोमवारी होता. गुरुवारी माझं अक्षर रजिस्टरात सरळ आहे, सतराच्या सतरा नावं. चाचा काही वर्षांनी गेले, शेवटपर्यंत एकच सांगत राहिले. मला आजही एवढंच माहीत आहे, की त्या आठवड्यात माझ्या आवाजात दोन माणसं बोलली आणि त्यातला नवऱ्यासारखा वागलेला मी नव्हतो.

आणि सहा-सात वर्षं मी त्याचं श्रेय खात राहिलो. बोलायला लागलो तिच्याशी, तेही खरं. रोज तिची गोळी काढून द्यायचो. पण दर वेळी ती माझ्याकडं मायेनं पाहायची, तेव्हा वाटायचं ही त्याच्याकडं बघतेय.

हिंगोली जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. कुरुंद्याला तिच्या भावाकडं हळद शिजवायचं काम चालू होतं. आम्ही दोन दिवस गेलो होतो. कढईतून काढलेली हळद पसरता पसरता बायका नवऱ्यांना नावं ठेवत होत्या. तिची वहिनी म्हणाली, “बाप्ये मेले तरी माझं चुकलं म्हणणार न्हाईत.”

वत्सला म्हणाली, “आमच्या ह्यांनी मागितली होती माफी. फोनवर.”

“काय सांगता वन्सं? दाजींनी?”

“व्हय. नाव घेऊन.”

सगळ्या माझ्याकडं वळून हसायला लागल्या. “दाजी, आमच्या ह्यांना बी एकदा फोन लावायला शिकवा.” मीही हसलो. हात हळदीनं पिवळे झाले होते, ते धुवायच्या निमित्तानं मी हौदाकडं गेलो आणि बराच वेळ तिथंच उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसमतच्या बसस्टँडवर आम्ही हिंगोलीच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. गर्दी नव्हती. मी म्हटलं, “तुला एक सांगायचंय. गुरुवारचा तो फोन मी केला न्हवता.”

मी सगळं सांगितलं. तांडा, रजिस्टर, बूथवाला, चाचा. रविवारी तिला भावाकडं पोचवायचं ठरवलं होतं, तेही सांगितलं. मधे एक गाडी आली आणि गेली.

“मंग कोण होतं ते?” तिनं विचारलं.

“माहीत न्हाई.”

“आन् सोमवारचा? येणार न्हाई म्हणलेला?”

“तो मीच.”

तिनं मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरली. मग अगदी हळू म्हणाली, “म्हंजे तुमी माफी मागितलीच न्हाई कधी.”

“न्हाई,” मी म्हटलं. मग तिच्याकडं वळलो, आणि तोंडाकडं बघून बोललो, “माझं चुकलं, वत्सला. तू आजारी होतीस, तुझे हात गार पडत चालले होते, आणि मला माझ्या नावाची पडली होती. तू मला जेवलाव का विचारलंस, आन् मी फोन ठेवला. मला माफ कर.”